सासऱ्यांच्या मागे मागे रानात

माझ्या सासऱ्यांइतका स्वतःच्याच गावात रस्ता चुकणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. जन्म पिंपळगाव राजाचा, शेती तिथलीच, सोयरीक आसपासच्या दहा-बारा गावांत पसरलेली. तरीही सकाळी शिवाराकडे निघालेले हे गृहस्थ दुपारी कोणत्या गावच्या पारावर सापडतील, हे ना घरच्यांना माहीत असे, ना त्यांना स्वतःला. मुलूख अवघड होता असंही नाही. काळी जमीन पाटीसारखी सपाट, दक्षिणेला घाटाची निळी कड दिवसभर दिसणारी. तेवढी लक्षात ठेवली तर लहान पोरही घरी पोचावं. पण सासऱ्यांची नजर रस्त्यावर कधी नसायचीच. ती बाभळीच्या शेंड्यावर असे, नाहीतर बोरीच्या जाळीत. पाखरू उडालं की त्याच्या मागोमाग त्यांचे पाय वळत, ते दुसऱ्या झाडावर बसलं की हे त्या झाडाखाली बसत, आणि ते तिसरीकडे गेलं की हेही तिसरीकडे. घरी आल्यावर कुणी विचारलंच तर मोठ्या समजुतीनं सांगत, "मी नाही चुकलो. पाखरूच तिकडं गेलं, त्याले मी काय करू?"

मी खामगावचा. वडील कापसाच्या जिनात फिटर होते आणि मी मराठी शाळेत मास्तर झालो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे आमच्या बदल्यांचे हुकूम नागपूरच्या दिशेनं येत आणि आम्ही त्या दिशेला भिऊन असू. रान मी पाहिलं होतं ते आगगाडीच्या खिडकीतून. पाखरांपैकी कावळा आणि चिमणी एवढी दोन खात्रीनं ओळखत असे. पोपटही ओळखला असता, पण तो पिंजऱ्यात असला तरच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासुरवाडीला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास सासरे माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले. "जवाईबापू, चालता का? हे इथंच, विहिरीपोतर."

विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर होती. ती आली, मागे पडली, मग नाला आला, मग कुणाची तरी पऱ्हाटी, मग कुणाची तूर. एका जागी त्यांनी हात वर केला. मी थांबलो. त्यांनी बोट केलं तिकडे पाहिलं तर मला एक झाड दिसलं. "दिसलं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. नव्या जावयानं नाही कसं म्हणायचं, म्हणून मी म्हणालो, "दिसलं." "काय करून राह्यलं?" ह्या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. मी अंदाजानं म्हणालो, "बसलंय." सासऱ्यांनी माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. "कवाचं उडून गेलं ना बाप्पा!" म्हणाले, आणि ते जिकडे उडालं होतं तिकडे चालू लागले. दुपारी आम्ही कुठल्याशा गावात कुणाच्या तरी ओसरीवर भाकरी आणि झुणका खात होतो. घरमालक सासऱ्यांना ओळखत नव्हता आणि सासरेही त्याला, पण दोघांनी त्याबद्दल एकमेकांना काही विचारलं नाही. दिवस कलताना कापूस भरलेल्या गाडीत ढिगावर बसून मी सासुरवाडीला परतलो. घरात काळजीचा मागमूस नव्हता. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आज लवकर आले."

ऋतूंच्या बाबतीत सासऱ्यांचं कुणाशीच जमत नसे. पंचांगावर त्यांचा विश्वास नव्हता. "पंचांग छापलेलं अस्ते," ते म्हणत, "पाखरू छापलेलं नस्ते." विहिरीच्या थारोळ्यावर शेपूट हलवत चालणारं धोबी नावाचं एक पाखरू हिवाळ्यापुरतं आमच्याकडे येतं. ते दिसलं की थंडी सुरू. मग भर आश्विनात, अंगाची लाही होत असताना, हे गृहस्थ घोंगडी पांघरून बाहेर पडत आणि घामानं निथळत परत येत. उलट पळसाचं पहिलं फूल दिसलं की त्याच दिवशी घोंगडी पेटीत जाई, मग पहाटे दात का वाजेनात. धोबी आल्याची बातमी ते घरात शिरताना मोठ्यानं देत. एका वर्षी सासूबाईंनी ती ऐकून घरातली झाडून सारी मळकी धोतरं, लुगडी, गोधड्या अंगणात आणून टाकल्या, आणि खऱ्या धोब्याची वाट पाहत दुपारपर्यंत उन्हात बसल्या. ह्यानंतर चार दिवस त्या दोघांत बोलणं नव्हतं. मला वाटतं, सासऱ्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

घोटाळा नावांचाच होता. आपल्या लोकांनी पाखरांना गावातल्या माणसांचीच नावं दिलेली. धोबी, शिंपी, सुतार, खाटीक, कोतवाल. सासऱ्यांना वाटे, कुणाबद्दल बोलतोय हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. एकदा ते चावडीवर सहज सांगून आले, "कोतवाल सकाळपासून म्हशीच्या पाठीवर बसून किडे खाऊन राह्यला." पिंपळगावचा कोतवाल साठीला टेकलेला, अत्यंत भिडस्त मनुष्य. तलाठ्यानं त्याला बोलावून खुलाशाची मागणी केली. त्या बिचाऱ्यानं आपण म्हशीवर बसलो नव्हतो एवढं शपथेवर सांगितलं. किड्यांबद्दल काय म्हणावं हे मात्र त्याला सुचेना.

त्यांना खरोखर किती कळतं आणि किती कळत नाही, ह्याबद्दल मी शेवटपर्यंत गोंधळात राहिलो. एकदा बुलढाण्याहून एक बडे साहेब शिकारीला आले होते. हरणांचे कळप कुठे चरतात हे पिंपळगावच्या एका म्हाताऱ्याला ठाऊक आहे, असं त्यांना कुणी सांगितलं. सासरे पुढे, साहेब मागे, बंदुका त्यांच्या मागे, असा लवाजमा सकाळी निघाला आणि संध्याकाळी, एकही हरीण न पाहता, मलकापूरच्या रस्त्याला लागला. साहेबांच्या बुटांचा एक तळ निखळला होता. सासरे हात जोडून म्हणाले, "मानूस चुकते, साहेब." दुसऱ्याच दिवशी ते मला बरोबर त्या कळपापाशी घेऊन गेले. एका वळणावरही थांबले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, पण ते हरणांकडे पाहत होते.

आता मैनेच्या लग्नाचं सांगितलं पाहिजे. मैना ही माझी धाकटी मेहुणी. मोताळ्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरून तिला पाहायला पाहुणे यायचे होते, मुलाचे वडील आणि मुलाचे मामा. स्थळ चांगलं होतं. सासूबाईंनी आदल्या दिवशी सासऱ्यांना समोर बसवून बजावलं, "उद्या एका पाखराचं नाव तोंडातून काहाडलं तं पाहा." सासऱ्यांनी मान हलवली आणि खरोखरच पाळलं. पाहुण्यांची दमणी दारात आली, पाय धुणं झालं, पाऊसपाण्याचं बोलणं झालं, मैना पोहे ठेवून आत गेली, आणि हे भिंतीसारखे गप्प. मुलाच्या वडिलांच्या मिशा भरघोस होत्या आणि मुद्रा प्रसन्न होती. मी मनात म्हटलं, जमलं.

त्याच वेळी अंगणातल्या निंबावर साळुंक्यांची जोडी येऊन बसली. आमच्या सासऱ्यांना साळुंकीला मैनाच म्हणायची सवय. ते माझ्या कानाशी वाकले. पण थोडं कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांची कुजबुज साऱ्या ओसरीला ऐकू जाई. "जवाईबापू, पाह्यलं का? मैनेनं औंदा नवा धरला!"

पोह्यांच्या बशीवरचा मुलाच्या वडिलांचा हात थांबला. "काय म्हनले?"

आपण होऊन कुणी चौकशी केली असं सासऱ्यांच्या आयुष्यात क्वचित घडलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. "हो ना! गेल्या साली एका लंगड्यासंगं होती. लय जीव होता दोघायचा. आता त्याले हाकलून लावलं अन् हा तगडा आनला."

"अन् हे तुमी पाहून राह्यले?" मुलाचे मामा ओरडले.

"रोज पाह्यतो!" सासरे अभिमानानं म्हणाले. "गेल्या साली तीन पिल्लंबी झालती. दोन सापानं खाल्ली."

मी मास्तर माणूस. गैरसमज दूर करणं हा माझा धंदा. मी लगबगीनं पुढे सरकलो आणि म्हणालो, "पाहुणे, ही मैना ती मैना नव्हे."

"म्हंजे पाटलाच्या घरी दोन मैना हायेत?"

"छे छे, मैना एकच आहे," मी म्हणालो. "ती आत आहे."

दमणीला बैल जुंपायला त्यांना फार वेळ लागला नाही. मागून धावत मी झाडाकडे बोट दाखवत होतो, पण गलक्यानं साळुंक्या उडून गेल्या होत्या आणि मी रिकाम्या निंबाकडे हातवारे करणारा वेडा दिसत असलो पाहिजे. सासरे ओसरीवरच बसून होते. "काऊन गेले बे हे?" त्यांनी मला विचारलं. जावयाला बे म्हणण्याइतके ते गोंधळलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

सासूबाईंनी समजावून सांगितलं, रडत सांगितलं, ओरडून सांगितलं. त्यांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. चुलीपुढे पाठमोरी बसून मैना हसते आहे की रडते आहे, हे मला ओळखता येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बापापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, पाखराची येवढी माह्यती सांगतली. माही एखादी गोष्ट सांगतली असती."

सासऱ्यांनी तांब्याला हात लावला नाही. ते उठले, पटका बांधला आणि निघाले. "कुठी?" सासूबाईंनी विचारलं. "मोताळ्याले." मोताळा आठ-दहा कोस, आणि माणूस हा असा. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिमग्याची सुट्टी होती, मी वहाणा घालून मागे धावलो.

तसा प्रवास मी पुन्हा केला नाही. पळस पेटल्यासारखे फुलले होते, काटेसावरीवर लाल फुलांची गर्दी आणि त्या फुलांवर पाखरांचा बाजार. भोरड्यांचा थवा डोक्यावरून असा गेला की क्षणभर ऊन झाकलं. आणि सासरे खाली मान घालून चालत होते. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते रस्त्याकडे बघत चालले होते. मला ते पाहवेना, म्हणून मीच वर पाहू लागलो. "मामाजी, ते निळं काय उडालं?" मी विचारलं. ते चालतच राहिले. ते निळं एका शेताच्या बांधावर बसलं. मी आणखी नीट पाहायला गेलो, तिथून ते पुढच्या बांधावर गेलं, तिथून पुढच्या. आम्ही रस्ता चुकलो हे कळलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता, आणि ह्या खेपेला चूक माझी होती. सासरे एवढंच म्हणाले, "तुमी खाली पाहा, जवाईबापू. आज काम हाये."

मोताळ्याला पोचलो तेव्हा गुरं घरी येत होती. मुलाचे वडील ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत. सासरे अंगणात उभे राहिले. सबंध वाटेनं त्यांनी काहीतरी मनाशी जुळवलं असावं, पण तोंड उघडल्यावर ते सगळं सांडलं.

"माही पोरगी मैना नाही. म्हंजे मैना हाये, पन जिनं लंगड्याले हाकललं, ते ही नाही. ते पाखरू हाये."

"आमी पाखराची चौकशी कराले आलो नव्हतो," मुलाचे वडील म्हणाले.

"हाव. माहं चुकलं." सासरे थांबले. मग हळूहळू, रानात एखाद्या झुडपाशी उभं राहून मला दाखवावं तसे बोलू लागले. "माही पोरगी साऱ्यायच्या आंधी उठते. दाराची कडी वाजू देत नाही, मायची झोप मोडंन म्हनून. कमी बोलते. राग आला तं नाकाचा शेंडा लाल होते, पन तोंडातून शब्द निंघत नाही. भाकर थापताना डावा खांदा जरासा वर जाते. पान्यात भिजून आलेलं कुत्रं दिसलं का पोत्याचा तुकडा टाकते त्याले, अन् आपल्याले सांगत नाही. लहानपनी रानात संगं यायची. मी हात वर केला का जागच्या जागी थांबायची. तिच्याइतकं चूप उभं राहनारं मानूस म्या पाह्यलं नाही. तिले कोनी हाकलू नये, अन् तिनंबी कोनाले हाकललं नाही. येवढंच."

मी मान खाली घातली होती. इतकी वर्षं हा माणूस फक्त झाडांकडे बघतो, असं मी समजत होतो.

मग दाराआडून मुलाच्या आईचा आवाज आला. "अवो, ते साळुंकीचं बोलून राह्यले! आपल्या गोठ्याच्या वळचनीले नाही का जोडी? कवाचं सांगून राह्यली मी तुमाले." ती बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्यांना विचारलं, "पाटील, त्या लंगड्याचं पुढं काय झालं?"

"एकलाच अस्ते आता. मळ्याकडं," सासरे म्हणाले.

"आगा माय," ती म्हणाली. आणि आत वळून, "बसाले घोंगडं टाका रे कोनी."

मुलाच्या वडिलांना नेमकं काय घडलं हे कळलं होतं असं मला वाटत नाही. ते कधी बायकोकडे, कधी आमच्याकडे पाहत होते. पण वैशाखात लग्न झालं. त्यानंतर सासऱ्यांचं रस्ता चुकणं वाढलं. महिन्या-दीड महिन्यानं ते सकाळी विहिरीकडे म्हणून निघत आणि दुसऱ्या दिवशी मोताळ्याहून निरोप येई, की पाटील वाट चुकून इकडे आले आहेत, मुक्कामाला आहेत. आठ-दहा कोस, दोन नद्या ओलांडून. सासूबाई एक पिशवी तयारच ठेवू लागल्या. "चुकून मोताळ्याले गेले तं हे मैनेले द्या," म्हणत आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून देत.

मग एका पावसाळ्यात त्यांचे गुडघे गेले. काठी घेऊन ते ओट्यापर्यंत येत, त्यापुढे नाही. मी सुट्टीत गेलो की सकाळी मला रानात पाठवत आणि आल्यावर हजेरी घेत. कोण भेटलं? किती होते? शेपूट कसं होतं? मी म्हणे, मातकट होतं. "सारी दुनिया मातकट हाये, जवाईबापू," ते कपाळाला हात लावत. "शेपूट सांगा." शेपूट मी पाहिलेलं नसे. त्यांचा हिरमुसलेला चेहरा मला दिवसभर छळी.

एका दिवाळीच्या सुट्टीत मला आळस आला. विहिरीवरच्या आंब्याखाली बसून मी वर्तमानपत्र वाचलं आणि घरी जाऊन सांगितलं, की आज एक नवंच पाखरू दिसलं. डोकं निळं, पोट पिवळं, शेपूट लाल आणि वीतभर लांब. नाल्याकाठच्या हिवराच्या झाडावर होतं. सासरे खाटेवरून अर्धे उठले. "आवाज?" मी कसलीशी शीळ घातली. त्यांनी डोळे मिटून ती ऐकली, पुन्हा घालायला लावली. मी घातली, दुसऱ्या खेपेला ती वेगळी आली. मग म्हणाले, "माह्या साऱ्या जन्मात मले नाही दिसलं. तुमाले दिसलं. नशीबवान हा तुमी."

खरं सांगायचं मी रोज ठरवत असे. पण तोवर ते येईल-जाईल त्याला सांगू लागले होते, "आमच्या जवाईबापूले दिसलं." भाऊबीजेला मैना माहेरी आली, तिलाही सांगितलं. मैनेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नीट माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात मला गाठून हळूच म्हणाली, "भाऊजी, आता खरं सांगसान तं पाहा." मी निघालो त्या दिवशी सासऱ्यांनी माझा हात धरून ठेवला. "त्याची जोडी असंन," ते म्हणाले. "पुढच्या बारीले तेबी पाहून ठेवा." त्यांच्या डोळ्यांत हसू होतं की पाणी होतं, की म्हातारपणानं डोळे तसेच असतात, मला आजही सांगता येत नाही.

पौषात ते गेले. तेराव्यानंतर एका सकाळी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मी उठून नाल्याकाठी गेलो आणि त्या हिवराखाली बसलो. जे पाखरू मी स्वतःच बनवलं होतं त्याच्या जोडीची वाट पाहत उन्हं चढेपर्यंत बसून राहिलो. हे शहाणपणाचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. शेवटी एक होला आला आणि समोरच्या फांदीवर बसला. मी त्याला डोळे भरून पाहिलं.

घरी आलो तर सासूबाई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या, सासऱ्यांच्या खाटेला टेकून. ह्या बाईनं उभ्या जन्मात पाखराचं नाव घेतलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "होला दिसला."

त्यांनी वर पाहिलं. मग विचारलं, "एकलाच होता का?"